यिनेतच्या लग्नाचं डुक्कर

रविवार, 4 मे. सकाळ.

यिनेतचा फोन. लग्न 14 जूनला, शनिवारी, बोगोतात. दुपारी दोनला चर्च. म्हणाली, पापा, हात धरून वेदीपर्यंत तुम्हीच न्यायचं मला. नेईन की. त्यात काय.

मग जाता जाता म्हणाली, जेवणात लेचोना आहे, मुलाकडच्यांनी ऑर्डर दिलीय. मी विचारलं, भात घातलेला? ती म्हणे, पापा, बोगोतात सगळे तसाच खातात.

सगळे खातात! मी एस्पिनालचा माणूस, लेचोनाच्या गावचा. अख्खा जन्म तांदळाच्या गिरणीत पोती वजन करण्यात गेला. गावाच्या चारही बाजूंना भातशेती. आणि तरी, किंबहुना म्हणूनच सांगतो, डुकराच्या पोटात तांदूळ घालत नाहीत. लेचोना म्हणजे अख्ख्या डुकराची हाडं काढायची, पोटात पिवळा वाटाणा, त्याचंच मांस, कांद्याची पात, लसूण, जिरं. शिवायचं आणि मातीच्या भट्टीत ठेवायचं. संपलं. भात घालतात तो मांस वाचवायला. शुद्ध भामटेगिरी. आणि ती माझ्या एकुलत्या एक मुलीच्या लग्नात.

निश्चय: लग्नाचा लेचोना मी करणार. स्वतः. या दोन हातांनी.

फोन ठेवताना यिनेत आणखी एक म्हणाली. पापा, फक्त वेळेवर या. हे तिच्या आईचं शिकवणं. यिनेतच्या पदवीच्या समारंभाला मी पोचलो तेव्हा खुर्च्या उचलत होते हे मान्य, पण बस माझ्या मालकीची होती का? आणि लहानपणी चर्चमधल्या तिच्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी मी बर्फ आणायला गेलो होतो. घरच्याच कामाला. रस्त्यात मित्र भेटतात, त्यांना काय हाकलून द्यायचं?

मंगळवार, 6 मे.

एर्मिंदाकडे गेलो. माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून घरामागच्या भट्टीत लेचोना करते आणि दर रविवारी विकते. भट्टी दोन दिवस मागितली. कशाला विचारलं. सांगितलं. हसायला लागली ती थांबेना. म्हणाली, आर्सेसिओ, तुझ्या हातून उकळतं पाणी करपतं, तू डुक्कर करणार?

मी शांतपणे समजावलं. मी लेचोना साठ वर्षं खातोय. एवढी वर्षं खाल्लं की हाताला आपोआप येतं.

मग जरा मऊ झाली. म्हणाली, मी करते, पाठवते. तू नीट सूट घालून आदल्या दिवशी जा. पोरीनं बाप मागितलाय, डुक्कर नाही मागितलं.

धंद्यातल्या लोकांना भावना कळत नाहीत. भट्टी मात्र मिळाली.

शनिवार, 10 मे. संध्याकाळ.

लग्नापर्यंतचे नियम. दारू बंद. रोज सकाळी फिरणं. हात स्थिर पाहिजेत, शिवायचंय.

अनीबाल आला होता. गिरणीतला जुना सोबती, आता त्याचा भाजीचा छोटा ट्रक आहे. डुक्कर बोगोताला न्यायला तयार झाला. मांस बिअरमध्ये मुरवतात, तर कुठली बिअर चांगली यावर चर्चा झाली. तोंडी चर्चेला अर्थ नसतो. चार प्रकार चाखून पाहिले. हे दारूत धरायचं नाही.

फिरणं सोमवारपासून.

रविवार, 18 मे. परतीच्या बसमध्ये.

व्याह्यांकडे जेवायला बोलावलं होतं. दॉन हेर्मान आणि दोन्या लेओनोर. माणसं वाईट नाहीत, थंड हवेची आहेत. मुलगा मौरिसिओ दातांचा डॉक्टर. म्हटलं, चला, लेचोनाची कातडी कुरकुरीत का लागते हे निदान याला तरी कळेल.

जेवणात आख्याको. कोंबडीचं सूप, त्यात तीन जातींचे बटाटे, मक्याचं कणीस, ग्वास्कासचा पाला. वर साय आणि खारवलेल्या कळ्या. दोन्या लेओनोर म्हणाल्या, आमचं आपलं साधंच. मी म्हटलं, हो, बटाट्याचं पाणी पोटाला हलकं असतं. प्रशंसा म्हणूनच म्हटलं. यिनेतनं टेबलाखाली पाय मारला.

मग दॉन हेर्माननी स्वतःच विषय काढला. म्हणाले, आम्ही लेचोना सांगितलाय खास तुमच्यासाठी, तुमच्या गावाचा मान म्हणून. मी विचारलं, भात किती घालतात? ते हसून म्हणाले, अहो, भाताशिवाय तो वाटाण्याचा लगदा होतो. मौरिसिओ पण हसला.

मी फक्त सत्य सांगितलं. डुकरात भात भरतो तो गिऱ्हाइकाला लुटतो, आणि जो खातो तो स्वतःला लुटवून घेतो. मी कुणाचं नाव घेतलं नाही. दोन्या लेओनोर म्हणाल्या, साय घ्या ना आणखी.

नंतर यिनेत बसपर्यंत सोडायला आली. बसच्या दारात म्हणाली, पापा, हवं ते आणा. डुक्कर आणा, गाय आणा. पण शनिवारी दोनला चर्चच्या दारात उभे राहा. मी दुसऱ्या कुणाचा हात धरणार नाही. डोळे भरले होते तिचे. बोगोतात धूर फार.

थोडक्यात, डुकराला परवानगी मिळाली.

मंगळवार, 27 मे.

सराव. लहान डुक्कर आणलं. एर्मिंदाला म्हटलं, तू फक्त बघ, हात लावू नको.

हाडं काढताना कातडी तीन ठिकाणी फाटली. कातडी अखंड राहिली पाहिजे, नाहीतर आतलं बाहेर येतं, हे मला माहीत आहे. पण या डुकराची कातडीच पातळ. आजकाल काय खायला घालतात कुणास ठाऊक. तिन्ही ठिकाणी शिवलं. एर्मिंदा म्हणाली, हे डुक्कर आहे की खिशांचा कोट?

वाटाणा रात्रभर भिजवायचा असतो असं नंतर समजलं. ती आधी बोलली नाही. मीच म्हटलं होतं बघ म्हणून, पण बघणाऱ्यानं काही बोलायचंच नाही का?

भट्टीत सगळे टाके सुटले. वाटाणे गोट्यांसारखे बाहेर लोळत आले. शेजारच्या कुत्र्याला दिलं. त्यानं वास घेतला आणि आत निघून गेला. तो कुत्रा आधीपासूनच मिजासखोर आहे.

एकूण सराव उपयोगी पडला. काय चुकू शकतं ते सगळं चुकून गेलं. आता चुकायला काही उरलं नाही.

शनिवार, 7 जून.

नोओराचा फोन. यिनेतची आई. कित्येक वर्षांपूर्वी शिलाई मशीन आणि मुलगी घेऊन बोगोताला गेली ती गेलीच. चांगलं बोलली. म्हणजे तिच्या मानानं. म्हणाली, शुक्रवारी ये. विल्मेरकडे (तिचा भाऊ) गादी टाकून ठेवते. सकाळी आंघोळ करून, दाढी करून चर्चला चालत जाता येईल.

मी म्हटलं, शुक्रवारी डुक्कर भट्टीत असेल. ती म्हणाली, असू दे ना. एर्मिंदा आहे. मी म्हटलं, बापाचं काम बहिणीवर टाकू? ती म्हणाली, आर्सेसिओ, यिनेत रोज रात्री तुझ्याबद्दल बोलते. वडील बरोबर असले की मला भीती वाटत नाही म्हणते. या वेळी तिला रडवू नकोस.

या वेळी! जणू मी दर वेळी रडवतो.

रस्ता चार तासांचा. शनिवारी सहाला निघालो तरी दहाला तिथे. चार तास हातात. दाढी काय, केस कापूनही होतील.

सूट घालून पाहिला. पँटचं बटण लागत नाही. बेल्ट आहे.

शुक्रवार, 13 जून. संध्याकाळ.

अखेर दिवस आला. डुक्कर देखणं. कातडी जाड, गुलाबी.

एर्मिंदानं थोडी मदत केली. हाडं तिनं काढली, वाटाणा तिनं शिजवला, भरलं, शिवलं, भट्टी पेटवली. बाकी सगळं मी. कातडीला आंबट संत्र्याचा रस मी चोळला. तिच्या मते एकदा पुरतो. मी तीनदा चोळला. त्यामुळे डुक्कर भट्टीत जायला उशीर झाला. पण जे करायचं ते मन लावून.

ती सांगत होती, दार लावलं की सकाळपर्यंत उघडायचं नाही, भट्टी निवते. मी अधूनमधून जरासं उघडून पाहतो. जीव राहत नाही. तिनं मुलं वाढवली नाहीत, तिला काय कळणार.

शनिवार, 14 जून. सकाळी सहा.

कातडी पांढुरकी. मऊ. बोट लावलं तर आत जातं. भट्टी निवली म्हणे. लाकडं ओली असणार.

एर्मिंदा नवा ड्रेस पिशवीत घेऊन तयार. सहाच्या बसला निघाली. म्हणाली, चल माझ्याबरोबर, डुक्कर अनीबाल आणेल. आलं तर आलं. मी म्हटलं, पांढऱ्या कातडीचा लेचोना घेऊन मी दॉन हेर्मानसमोर जाऊ? एस्पिनालचं नाक कापून? त्यांना आयतं सापडेल. एक तास मोठा जाळ केला की कुरकुरीत होतं.

बस गेली. जाताना खिडकीतून ओरडली, आर्सेसिओ, आज तरी!

आज तरी काय?

साडेआठ.

अजून पंधरा मिनिटं. एक बाजू झाली.

दहा.

निघालो. काय कातडी आलीय! नखानं वाजवली, खणखणीत. गरम राहावं म्हणून प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळलं, वर दोन ब्लँकेटं. अनीबाल म्हणतो, वाफ कोंडेल, कातडी मऊ पडेल. भाजीवाल्यांनी भाजीवर बोलावं.

चार तासांचा रस्ता. बरोबर दोनला. याला म्हणतात नियोजन. बापानं फार आधी जाऊन काय करायचं असतं तिथे?

दीड. ट्रकमध्ये.

सोआचाच्या अलीकडे. खोळंबा. मेल्गारला एक ट्रक आडवा पडला होता, तिथे वेळ गेला. सरकार झोपलंय. सूटला जिऱ्याचा वास येतोय.

दोनला पाच कमी.

तिथेच. यिनेतचा फोन. पापा, कुठे आहात? सांगितलं, कोपऱ्यावर आहे. आलोच. आवाजावरून खूश वाटली. म्हणाली, बरं, मी दारात थांबते.

अनीबाल स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. कुठला कोपरा रे बाबा, म्हणाला, अजून शहर तरी दिसतंय का? मी म्हटलं, मग काय सांगायचं? सगळे असंच सांगतात. तू तुझ्या बायकोला काय सांगतोस? तो म्हणाला, मी पण हेच सांगतो. पण ती तोवर जेवून घेते.

रविवार, 15 जून. बोगोता, विल्मेरच्या घरी.

आज पितृदिन. यिनेत आणि मौरिसिओ पहाटे कार्ताखेनाला गेले. माझ्यासाठी खोका ठेवून गेली. आत शर्ट. माप बरोबर आहे.

काल. सव्वातीनला पोचलो. ट्रक चर्चसमोर लावला आणि उतरलो तेव्हा दार उघडलं आणि सगळे बाहेर. लोक नवरानवरीवर तांदूळ उधळत होते. मूठमूठ. माझ्या टोपीवर पडला, खांद्यावर पडला. अनीबाल म्हणाला, घे, आला तुझा भात. या माणसाला प्रसंग कळत नाही.

यिनेत फार सुंदर दिसत होती. मिठी मारली मला. म्हणाली, आलात. बरं झालं. एवढंच. भावना दाटून आल्या की शब्द फुटत नाहीत, माझंही तसंच होतं. मी रस्ता, ट्रक, सरकार सगळं सांगायला सुरुवात केली. ती मान हलवत होती. मग फोटोवाल्यानं तिला नेलं.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिनं शब्द दिला होता, दुसऱ्या कुणाचा हात धरणार नाही. आणि धरलाच. विल्मेरचा, दुसरा कोण असणार? तो नवा टाय घालून मिरवत होता. नोओराला विचारलं, कुणी नेलं आत? ती म्हणाली, तिलाच विचार. विल्मेरशी मी अख्खी संध्याकाळ बोललो नाही. त्याच्याच घरी झोपलो, पण बोललो नाही. एक तास सव्वा तास वाट पाहिली असती तर काय बिघडलं असतं? आजच्या मुलांना धीर नाही.

लेचोनाबद्दल थोडक्यात लिहितो. ब्लँकेटं काढली, प्लास्टिक काढलं. कातडी ओल्या चपलेसारखी. सुरी जाईना. वाफ कोंडली असं अनीबाल दहा जणांना सांगत फिरला. दॉन हेर्माननी मोठेपणानं पहिला तुकडा घेतला. चावत राहिले. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, चव छान आहे हो. मौरिसिओनं पेल्यातलं पाणी पुढे केलं. दुसरं कुणी आलं नाही. थंड प्रदेशातल्या लोकांचे दात कमजोर असतात.

त्यांच्या भाताच्या लेचोनासमोर रांग होती. मीही घेतला. दोष दाखवायचा तर खाऊन पाहावं लागतं. दोन बशा खाल्ल्या. कातडी कुरकुरीत होती. बाकी दोष होतेच.

सोमवार, 16 जून. एस्पिनाल.

घरी. उरलेलं डुक्कर अनीबालच्या शेजाऱ्यांनी नेलं. सुरुवातीला नको म्हणत होते.

यिनेतचा फोन नाही. कार्ताखेनात रेंज नसेल.

गुरुवार, 19 जून. दुपार.

एर्मिंदा आज परत आली. भट्टी झाडत होती. मी तयारीनं गेलो. म्हटलं, विल्मेरचं वागणं मला पटलेलं नाही. बापाच्या जागी उभं राहायची एवढी घाई?

ती झाडत राहिली. मग म्हणाली, कोण विल्मेर? विल्मेरनं कुठे नेलं?

मी म्हटलं, मग दॉन हेर्माननी?

म्हणाली, आर्सेसिओ, बस खाली.

मी उभाच राहिलो. तिनं सांगितलं ते असं. दोन वाजता सगळे आत बसले. यिनेत बाहेर पायरीवर. वारा होता, डोक्यावरची जाळी उडत होती, हातानं धरून उभी. विल्मेर गेला, म्हणाला, चल पोरी, मी नेतो. नाही म्हणाली. दॉन हेर्मान उठून गेले. त्यांनाही नाही. म्हणाली, पापा कोपऱ्यावर आहेत. पाद्री दोनदा बाहेर येऊन गेले. नंतरच्या लग्नाची माणसं येऊन थांबली होती. सगळ्यांना तेच सांगत होती. कोपऱ्यावर आहेत, आत्ता बोलले माझ्याशी.

मग ड्रेस दोन्ही हातांनी वर धरला आणि पायऱ्या उतरली. एर्मिंदा मागे धावली. पोरगी चालत कोपऱ्यापर्यंत गेली. तिथे उभी राहिली. एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. पुढचा कोपरा असेल म्हणाली आणि तिथेही गेली. पांढऱ्या बुटांना चिखल लागला. लोक गाड्या थांबवून बघत होते.

परत आली आणि एकटी आत गेली. कुणाचाच हात न धरता. एर्मिंदानं विचारलं, मी येऊ का बरोबर? तर म्हणाली, नको आत्या, मी पापांना शब्द दिलाय.

मी एर्मिंदाला म्हटलं, अगं पण कोपऱ्यावर आहे म्हणजे कोपऱ्यावर नसतो, हे कुणालाही कळतं. सगळे म्हणतात. शेंबडं पोर पण ते खरं धरत नाही.

ती म्हणाली, हो. सगळ्यांना कळत होतं. आत बसलेल्या प्रत्येकाला. तिला एकटीला खरं वाटलं.

मग ती पुन्हा झाडायला लागली. भट्टीत राख फार होती.

घरी आलो. जेवलो नाही. खरोखर नाही जेवलो.

फोन हातात घेतला. ते कालच बोगोताला परतले असतील. काय म्हणायचं ते ठरवत होतो. रस्ता, ट्रक, सोआचा, हे सगळं तिला सांगून झालंय. दुसरं माझ्याकडे काही नाही. ठेवून दिला.

आत्ता तिचाच फोन आला होता. वाजत होता. उचलला नाही. कुठे आहात पापा, असं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं.

उद्या करतो. सकाळी उठल्या उठल्या, पहिलं काम.